येळवशीचं पाचवं जेवण

पुण्याकडच्या कंपनीतली नोकरी सोडून मी परत आलो तेव्हा आमच्या गावात दोन मतं होती. निम्मं गाव म्हणायचं, याला काढून टाकलं. उरलेलं निम्मं म्हणायचं, यानं काहीतरी केलं म्हणून काढून टाकलं. माणूस स्वतःहून परत येऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी धारूरच्या स्टँडसमोर भज्यांचा गाडा टाकला आणि विचारेल त्याला ‘स्वतःचा धंदा’, ‘स्वतःचा मालक’ असली भाषणं ऐकवू लागलो. खरं कारण इतकं खुळचट होतं की ते मी आईलाही सांगितलं नव्हतं.

गाड्यावर रोज शाळा सुटली की एक मास्तरीण यायची. आमच्याच गावची, रोज एसटीनं जाऊन येऊन करणारी. पहिल्या दिवशी म्हणाली, “ओवा जास्त झालाय.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आज ओवा टाकलाच न्हाई का?” तिसऱ्या दिवशी तेल, चौथ्या दिवशी मिरची. मी स्वभावानं तापट माणूस. एकदा तर मी तिला झारा देऊन म्हणालो, “घे, तूच तळ.” तिनं खरंच तळली आणि ती माझ्याहून चांगली झाली. रोज नावं ठेवायला येणारी मुलगी नुसती भज्यांसाठी येत नसते, हे कळायला मला चांगला महिना लागला.

पुढचं सगळं रीतसर करायचं म्हणून माझे चुलते तिच्या वडिलांकडे विचारायला गेले. तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं. उंच, सडपातळ माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी चहा पाजला, चुलत्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग सांगितलं, “पोरगं वाईट न्हाई. पण गेलेलं पोरगं परत आलं. माझ्या पोराकडं बघा, सात साल झाली पुण्यात, माघारी वळून बघितलं न्हाई. आमी पोरगी जाणाऱ्याला देणार. आलेल्याला न्हाई.”

चुलत्यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी चार दिवस भजी करपवली.

पाचव्या दिवशी ती आली आणि करपलेली भजी मुकाट्यानं खाऊन म्हणाली, “येळवशीला आमच्या बांधावरून जा.”

एवढंच बोलली, पण मला सगळं कळलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शिवार भरतं. प्रत्येकाच्या शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते आणि मग जेवणं. बांधावरून जाणारा कुणी का असेना, वैरी असला तरी, त्याला हाक मारून बसवायचं. हाक न मारणं म्हणजे आपल्याच शेताला कमीपणा आणणं. आणि हाक आल्यावर न बसणं म्हणजे हाक मारणाऱ्याला. आबा मला घरात घेणार नव्हते, पण येळवशीला बांधावरून हाक मारल्याशिवाय त्यांना राहवणार नव्हतं. एकदा का पानावर बसलो की बोलता आलं असतं.

“गाडीवर येऊ नको,” ती म्हणाली. “गाडीवरच्याला हाक ऐकू आली न्हाई, असं आबा म्हणू शकतात.”

तिची हुशारी ऐकून मी इतका हुरळलो की एक साधी गोष्ट विसरलो. आमचं शेत शिवाराच्या या टोकाला आणि आबांचं त्या टोकाला. मधे तीन शेतं.

येळवशीला मी निघालो तर आईच आडवी आली. आपल्या शेतात पूजा झालेली आणि पोरगं न जेवता दुसऱ्याच्या शेताकडं निघालेलं, हे तिला मरेपर्यंत आठवलं असतं. मी बसलो. आमच्या आईची भज्जी खायची असते. भजी वेगळी आणि भज्जी वेगळी; ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भाजी म्हणजे भज्जी. बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांबरोबर मी ती दोनदा घेतली. चूक माझीच.

पुढचं शेत माझ्या शाळेतल्या गुरुजींचं. ते लांबूनच हात करत होते. त्यांच्याकडची आंबील म्हणजे ताकातलं ज्वारीचं आंबट पेय, वर लसणाची फोडणी. ती प्यायली की डोळे मिटायला लागतात, हे शिवारात सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींनी दोन तांबे पाजले. नको म्हणालो तर म्हणाले, “शाळेतबी तू असाच होतास, अर्धवट सोडायचास.”

तिसरं शेत टाळायचं मी ठरवलं. बांध सोडून तुरीत शिरलो आणि वाकून चालू लागलो. पोट इतकं भरलेलं की वाकता येत नव्हतं. तुरीच्या शेंड्यांवर माझं डोकं दिसत असणार.

“कोण बे ते तुरीत?”

आवाज चुलत्यांचा. मी उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझा इस्त्रीचा शर्ट बघितला, मी चाललो होतो ती दिशा बघितली आणि ते इतके हसले की काकूला पाणी आणावं लागलं. “जा, जा. पण आमच्या शेतातून उपाशी गेलास तर तिथं सांगशील काय? चुलत्यानं जेवू घातलं न्हाई म्हणून?” गव्हाची खीर होती. वाटीभर तूप ओतून त्यांनी ती मला समोर बसून खायला लावली.

चौथं शेत एका म्हाताऱ्या मावशीचं. ती एकटीच कोपीपुढं बसली होती आणि सकाळपासून तिच्या बांधावरून कुणी गेलं नव्हतं. तिथं मी नाही म्हणालो असतो तर मला स्वतःचीच किळस आली असती. तिचे धपाटे खरोखर चांगले होते, हे त्या अवस्थेतही कळलं.

आबांच्या बांधावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आबा कोपीपुढं बसलेले. तिची आई चुलीपाशी, आणि ती झाडाखाली उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. आबांनी मला बघितलं आणि मान फिरवली. मी सावकाश चालत बांधाच्या टोकापर्यंत गेलो. हाक आली नाही. मी बुटाची नाडी बांधली. मग काहीतरी विसरल्यासारखं करून मागं फिरलो. आबा आभाळाकडं बघत होते. मला वाटलं, संपलं. हा माणूस शेताला कमीपणा आणील, पण मला बोलावणार नाही. माझ्या छातीत खरंच दुखायला लागलं. त्यात मावशीच्या धपाट्यांचा वाटा असेल, पण सगळा नाही.

तिसऱ्या फेरीला आबांचा धीर सुटला. “अरे ए, उपाशी कुठं चाललास?”

मी गेलो. एक पान आधीच वाढून ठेवलेलं होतं, वर पळसाच्या पानांचं झाकण. मला वाटलं ही तिचीच करामत. आबांनी ते माझ्यापुढं सरकवलं. मी कसं खाल्लं ते विचारू नका. बोलायचं राहिलं बाजूला. शेवटच्या उंड्याला मी कोपीला टेकलो आणि गुरुजींच्या आंबिलीनं डाव साधला. तिच्या वडिलांसमोर, हात खरकटा, मी झोपलो.

जाग आली तेव्हा सूर्य टेकला होता. माझा खरकटा हात कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसला होता आणि शेजारी आबा एकटेच बसले होते.

“ते पान पोराचं होतं,” ते म्हणाले. “सकाळच्या गाडीनं येतो म्हणलता. दुपारी फोन आला, सुट्टी न्हाई. तीन साल झाली असंच म्हणतोय.”

मी पुढ्यातल्या रिकाम्या पानाकडं बघितलं.

“तू कावून आलास परत?”

धंद्याचं भाषण तोंडाशी आलं होतं. पण ज्याचं जेवण मी गिळलं होतं, त्याच्याबद्दल बोलून झाल्यावर ते निघेना. “पाच येळवशी कंपनीत काढल्या,” मी म्हणालो. “पाचव्या साली सुपरवायझरला म्हणलो, आज आमच्याकडं येळवस हाय. तो म्हणला, त्यात काय असतंय? त्याला भज्जी, आंबील, उंडे सांगत बसलो आन् मलाच लई भूक लागली. कँटीनात जेवलो तरी जाईना. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दुसरं काय कारण न्हाई, आबा.”

हसतील असं वाटलं होतं. आबा हसले नाहीत. ते बराच वेळ बांधाकडं बघत राहिले, सकाळची गाडी जिकडून येते त्या बाजूला. मला त्यांची फार दया आली आणि त्यांच्यावर रागही आला, कारण हाच माणूस चुलत्यांना म्हणाला होता, आलेल्याला देणार नाही.

मग ते उठले आणि कोपीमागून हेंडगा घेऊन आले. हेंडगा म्हणजे वाळक्या कडब्याचा मोठा पलिता. येळवशीच्या संध्याकाळी तो पेटवून शेताभोवती पळायचं, आणि पळायचं ते घरच्या पोरानं. आबांनी तो चुलीवर पेटवला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

मी पळालो. पाच जेवणं पोटात घेऊन, हातात जाळ, तोंडात धूर. हरभऱ्यात दोनदा धडपडलो. तिसऱ्या कोपऱ्यावर बूट ढेकळात रुतून राहिला तो तिथंच सोडला. ती आता पदर वगैरे सोडून उघड हसत होती आणि तिची आई तिला चापट मारता मारता स्वतःच हसत होती. सगळ्या शिवारात जाळ पळत होते आणि त्यात सगळ्यात हळू आमचा होता.

फेरी पुरी करून मी आबांपुढं येऊन बसलोच. त्यांनी माझ्या हातातलं उरलेलं जळकं टोक घेऊन मातीत विझवलं.

“पुढच्या सालापासून,” ते म्हणाले, “सरळ इथं येत जा. उपाशी.”