निळ्या रंगातली अकरा पावलं

रस्ता झाला की चौथ्या दिवशी कुणीतरी तो खोदायला येतं, यावर नाशिकमध्ये सगळ्यांचं एकमत आहे. लग्नात, दवाखान्यात, रिक्षात, कुठेही मी काय काम करते हे कळलं की समोरचा माणूस हे वाक्य स्वतःला आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो. मी हसते. तो चौथा दिवस येऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो, हे सांगायचा आता कंटाळा येतो.

मी शहराच्या रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर आहे. रस्ता करण्याआधी पाणी, वीज, गॅस, टेलिफोन अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, तुम्हाला काय गाडायचंय ते आत्ताच गाडा म्हणून त्यांच्या हातापाया पडायचं, आणि मग जागेवर नेऊन फक्कीनं आखलेल्या रेषांवर उभं करायचं, हे माझं काम. गॅसवाले म्हणतात आधी पाणीवाल्यांचं होऊ दे. पाणीवाले म्हणतात खांब हलला की लगेच. खांब ज्यांचा, ते साहेब रजेवर असतात. आमचा सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात कामाच्या उत्तरांपेक्षा फुलांवरची सुप्रभातंच जास्त असतात. सिंहस्थ जवळ आल्यापासून तर अर्धं शहर एकदमच उकरलेलं आहे आणि मी दिवसभर कुणाच्या तरी खड्ड्याच्या काठावर उभी असते.

माझे वडील, आप्पा, याच शहरात व्हॉल्व्हमन होते. रस्त्याखालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, ही त्यांची नोकरी. चांदवडकडचं गाव सोडून ते इथे आले तेव्हा त्यांची चौथीपर्यंतची शाळा झालेली होती. सायकलीच्या दांडीला लोखंडी चावी बांधलेली असायची, तेव्हाच्या माझ्याएवढी उंच. सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेपाचला ते निघाले की मीही मागे लागायचे. चावी जमिनीत घालून ते फिरवायला लागले की आधी काहीच व्हायचं नाही, मग पायाखाली घुरघुर यायची आणि थोड्या वेळानं कुणाच्या तरी अंगणात बादलीत धार पडल्याचा आवाज यायचा. गल्लीला पाणी माझ्या बापानं दिलं, असं मला वाटायचं. ते सुख मला नंतर कुठल्याही बढतीनं दिलं नाही.

व्हॉल्व्ह असतो रस्त्याच्या पोटात आणि वर त्याचं झाकण. रस्त्यावर नवं डांबर पडलं की झाकण गडप. ठेकेदाराला ते दिसत असतं, पण एका झाकणासाठी रोलर कोण थांबवणार? म्हणून आप्पांनी स्वतःची एक रीत काढली होती. डांबर पडणार असं कळलं की आदल्या दिवशी ते त्या गल्लीत जायचे. झाकणासमोरच्या कंपाउंडच्या भिंतीला टाच लावून उभे राहायचे, झाकणापर्यंत पावलं मोजायचे, आणि परत येऊन भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीला, एक बाण आणि पावलांचा आकडा रंगवायचे. "डांबर येतं नि जातं," ते म्हणायचे, "भिंत कुठं पळून जाती?" 

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. घरात त्यांच्या हातचं एक अक्षर नाही. त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही, वही ठेवली नाही. आहेत ते भिंतींवरचे आकडे. त्यांचा चार जरा डावीकडे कलायचा आणि एकच्या आकड्याला ते डोक्यावर मोठी गाठ द्यायचे. काही खुणा मी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून बघून येते. कुणाच्या घरी लग्न निघालं की भिंतीला रंग लागतो आणि एक आकडा कमी होतो. लोक रंग लावतात त्यात त्यांची काय चूक, तरी मला त्या घराचा दिवसभर राग येतो.

गेल्या पावसाळ्यानंतर द्वारका चौकामागच्या एका गल्लीचं काँक्रिटीकरण निघालं. त्याआधी गॅसची लाइन टाकायची होती आणि तिच्या आड येणारा पाण्याचा जुना पाइप सरकवायचा होता. पाइप सरकवायचा तर पाणी बंद करायला हवं, म्हणजे व्हॉल्व्ह हवा. झाकण दोन थर डांबराखाली गेलेलं होतं. त्यातला वरचा थर माझ्याच सहीनं पडलेला होता, हेही सांगून टाकते.

पण आमच्याकडे यादी होती. काही वर्षांपूर्वी भिंतींवरच्या खुणांचे फोटो काढून घेतले होते आणि ते नकाशावर चढवायचं काम माझ्याकडे आलं होतं. माझ्या टेबलावर आले ते काळ्यापांढऱ्या झेरॉक्सचे गठ्ठे. आम्हाला शिकवलेलं असतं की माणसाचं पाऊल अडीच फुटांचं. मी प्रत्येक आकड्याला अडीचनं गुणलं आणि दोन दिवसांत काम संपवलं. आप्पा तेव्हा घरीच होते, खुर्ची दारात टाकून बसलेले. त्यांना विचारायला मला एक मिनिट लागलं नसतं. मी घरी जाऊन त्यांना सांगितलंसुद्धा, की आप्पा, तुमच्या सगळ्या खुणा नकाशावर आल्या बरं का. ते केवढे खूश झाले होते.

या गल्लीतला आकडा होता अकरा. अकरा पावलं म्हणजे साडेसत्तावीस फूट. सकाळी दहाला जेसीबी आला, मोजून तिथे खणलं. काही नाही. दोन फूट उजवीकडे खणलं, टेलिफोनची केबल तुटली. त्यांचा माणूस येऊन माझ्या नावानं ओरडून गेला. तिसऱ्या खड्ड्यात नुसता मुरूम. साडेबारा वाजले. तिसऱ्या दिवशी काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या.

गॅस कंपनीचा सुपरवायझर तरुण होता, वाईट नव्हता, उन्हानं वैतागला होता. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, कुणीतरी म्हाताऱ्यानं अंदाजपंचे रंगवून ठेवलंय. तुम्ही ह्याच्यावर विश्वास कसा ठेवता?" त्याला काही माहीत नव्हतं. पाणीपुरवठ्याचा फिटर माझ्या शेजारीच होता. आप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो त्यांच्या हाताखाली लागला होता आणि आता त्याचीच रिटायरमेंट आलेली. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "ताई, आप्पा लय चांगला माणूस. पण शेवटी शेवटी ध्यान राहत नव्हतं त्यांचं. चुकलं आसंल."

उपाय होता. मोठ्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दोन दिवस सगळा भाग कोरडा ठेवायचा, जुना व्हॉल्व्ह काँक्रीटखाली तसाच सोडून नवा बसवायचा. त्यासाठी पाहणीच्या कागदावर मला एक ओळ लिहायची होती. भिंतीवरील खूण चुकीची असल्याने व्हॉल्व्ह आढळला नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि त्याच्या आधारे यादीतल्या बाकीच्या खुणाही बाद. सुपरवायझरनं पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मला ते वाक्य लिहिता येईना. जो माणूस आयुष्यात कधी पाच मिनिटं उशिरा गेला नाही, तो चुकला असं त्याच्याच पोरीनं लिहून द्यायचं. मी म्हटलं, एकदा भिंत बघून येते.

भिंतीपाशी जाऊन मी खाली बसले. पोपडे निघाले होते, पण एकाच्या डोक्यावरची गाठ तशीच होती. आणि रंग निळा होता.

झेरॉक्समध्ये रंग कुठला दिसणार? आप्पांच्या खुणा गेरूनं काढलेल्या असायच्या. हा ऑइलपेंट होता आणि तो मी कुठेही ओळखला असता, कारण तो आमच्या दाराचा होता. मी इंजिनिअरिंगला लागले त्या वर्षी आप्पांनी हौसेनं दार निळं केलं होतं. डब्यात उरलेला रंग त्यांनी असा वापरला होता तर. म्हणजे ही खूण दार रंगवल्यानंतरची. म्हणजेच पायानंतरची.

मी आठवीत असताना पिंपळगावहून द्राक्षाच्या पेट्या घेऊन आलेला एक टेम्पो द्वारकेच्या चौकात मागे सरकला आणि आप्पांच्या डाव्या पायावरून गेला. पाय वाचला, पण घोटा आखडला. त्यानंतर त्यांचा डावा पाय बाहेरून वळसा घेत पुढे पडायचा, आणि उजवा घाईघाईनं येऊन जेमतेम त्याच्या पुढे टेकायचा. एक पूर्ण पाऊल, एक अर्धं. चप्पल घासल्याचा आवाज आधी यायचा, मग आप्पा दिसायचे.

एकदा शाळा सुटल्यावर मी मैत्रिणींना ती चाल करून दाखवली. मला नकला चांगल्या जमायच्या. बाईंची करायचे, हेडसरांची करायचे, त्या दिवशी आप्पांची केली. डावा पाय फिरवला, खांदा पाडला, चप्पल घासली. मुली पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "अगं, अगदी सेम!" मी आणखी चार पावलं टाकली आणि वळले, तर फाटकापाशी सायकल धरून आप्पा उभे होते. पाऊस येईल म्हणून माझी छत्री घेऊन आले होते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी छत्री दिली, मैत्रिणींना अभ्यास कसा चाललाय विचारलं, आणि मला म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो." त्या दिवसापासून आम्ही कुठेही निघालो की ते हेच म्हणायचे. बाजारात, नातेवाइकांकडे, माझ्या ॲडमिशनला, अगदी माझ्या लग्नात हॉलच्या पायऱ्यांपाशीसुद्धा. तू हो पुढं. मी येतो. माझ्या मैत्रिणींसमोर तर ते माझ्याबरोबर कधी चाललेच नाहीत. मी पुढे झाले. मला तेव्हा सोयीचंच वाटलं. सॉरी म्हणायचं म्हणायचं असं करत इतकी वर्षं गेली, आणि मग दवाखान्यात म्हणणार होते तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं.

मी उठले. भिंतीला टाच लावली. सुपरवायझर, फिटर, जेसीबीवाला, केबल जोडायला आलेले टेलिफोनचे दोघं आणि गच्चीवरून बघणाऱ्या दोन बायका, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मला वाटलं होतं जमणार नाही. पण शरीर काही विसरत नाही. डावा पाय आपोआप वळसा घेऊन पुढे पडला, खांदा पडला, उजवा घाईनं आला. एक. दोन. चप्पल घासली, आवाज तोच. सहा, सात. इतक्या वर्षांत त्यांची चाल मी पाहिलीच नव्हती, कारण मी कायम पुढे होते. ती माझ्याकडे उरली होती ती फक्त त्या नकलेतून. नऊ. दहा. अकरा.

साडेसत्तावीस फुटांच्या कितीतरी अलीकडे मी थांबले होते, सात-आठ फूट तरी. तिथे पिशवीतली फक्की टाकली आणि म्हटलं, इथे खणा. जेसीबी नको, हातानं.

फिटरनं स्वतः पहार घेतली. वरचा थर उचकटला, खालचा उचकटला, आणि पहार खणकन वाजली. त्यानं हातानं माती सारली. झाकण होतं. तो तसाच उकिडवा बसून राहिला. मग वर न बघता म्हणाला, "चुकलो आप्पा." सुपरवायझरला काही कळलं नाही, पण त्यानं पेन खिशात ठेवलं. थोड्या वेळानं चावी लागली, तीन जणांनी मिळून जोर केल्यावर व्हॉल्व्ह फिरला, आणि पायाखालून ती जुनी घुरघुर आली. मी तोंड फिरवून उभी राहिले.

माझ्या यादीत पायाच्या अपघातानंतरच्या किती खुणा असतील, त्या सगळ्या आता जागेवर जाऊन पुन्हा मोजायच्या होत्या. ते मी फिटरला सांगितलं. तो म्हणाला, "मोजू की ताई. तुमी चालायचं, मी लिवतो."

जेवणाची वेळ झाली होती. सगळे कोपऱ्यावरच्या टपरीकडे निघाले. मी माझी बॅग भिंतीपाशी ठेवली होती, ती आणायला वळले. अकराच पावलं होती. खरं तर आता मोजायचं काही नव्हतं, कुणी बघतही नव्हतं, तरी माझा डावा पाय तसाच वळसा घेत पडत राहिला आणि मी त्याला थांबवलं नाही. बॅग घेतली, आणि परत निघाले तीही तशीच.

फिटर थांबला होता. मागे वळून म्हणाला, "ताई, आता खरंच पाय मुरगळला का? धरू का हात?"

"नाही," मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी येते."