पंचांना सोंगटी नसते

आम्ही त्यांना पंच म्हणायचो. चष्म्याच्या दुकानात, मागच्या काचेच्या खोलीत ते भिंगं घासायचे. भिंग फ्रेमच्या मापाला आणायचं, कडा मऊ करायच्या, बसवायचं, पुसून उजेडात धरायचं. दिवसभर हेच. लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीकडे राहायचे आणि रविवारी दुपारी तिच्या बैठकीच्या खोलीत आमचा खेळ मांडायचे.

खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि पंच सांगतील त्या राज्यात भटकायचं. मी सरदार होतो. औषधाच्या दुकानात काम करणारा एक मित्र जादूगार होता. पंच कामाला होते त्याच दुकानात काउंटर सांभाळणारी एक मुलगी चोर झाली होती. तिला आम्ही मांजर म्हणायचो. पंचांनीच तिला खेळात आणलं होतं.

पंचांचा सगळा जीव एका पुठ्ठ्यात होता. त्यावर नऊ घरं आखलेली. वरून खाली भला, मधला, दुष्ट. डावीकडून उजवीकडे नियमाने वागणारा, मधला, मनाला येईल तसा वागणारा. प्रत्येक पात्राची सोंगटी म्हणजे शर्टाचं एक बटण. खेळ संपला की पंच एकेक बटण उचलायचे, आज कोण कसं वागलं ते सांगायचे आणि बटण सरकवायचे. मी भला आहे असं नुसतं म्हणून भागत नसे.

एकदा दरबारात एका गिरणीवाल्यावर विष कालवल्याचा खोटा आळ आला. माझ्या सरदाराला खरं माहीत होतं. राजा तापट होता. मी गप्प बसलो. खेळ संपल्यावर पंचांनी माझं बटण थेट दुष्टाच्या घरात ठेवलं.

"पण मी काही केलंच नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच."

"निदान मधल्या घरात तरी ठेवा."

"मधलं घर ज्याला माहीत नसतं त्याचं. तुला माहीत होतं."

"साहित्याचा पदवीधर आहे तो," औषधवाला म्हणाला. "त्याला माहीत सगळं असतं, करायचं काही नसतं."

मांजर हसून हसून लोळली. मग तिने विचारलं, "पंचदादा, तुमचं बटण कुठे?"

"पंचांना सोंगटी नसते."

पुढे एका रविवारी मांजर उशिरा आली. तिला दुकानातून काढलं होतं.

"गिऱ्हाइकाचा तयार चष्मा माझ्या खणात निघाला. फुटलेला," ती म्हणाली. "मी जेवायला गेले होते. मालक म्हणाले, फोडलास तर फोडलास, लपवलास कशाला?"

"मग फोडला कोणी?" औषधवाल्याने विचारलं.

"काय माहीत. पंचदादा मशीनवर होते. त्यांनी पाहिलं असतं तर सांगितलंच असतं." मग ती म्हणाली, "बाबांना वाटतं, वस्तूही मोडते आणि वर खोटंही बोलते. काकांना निरोप गेलाय. या आठवड्यात न्यायला येतील. काकूच्या हाताखाली वळण लागेल म्हणे."

पंच फासे एका रांगेत लावत होते. त्यांनी खेळ सुरू केला.

त्या दिवशी कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी पंचांनी मांजरीचं बटण उचललं आणि नुसतं हातात धरून बसले.

"मुहूर्त बघताय का?" औषधवाला म्हणाला.

"मी पाहिलं होतं," पंच म्हणाले.

"खेळात तिने किल्ली चोरली ते? ते सगळ्यांनीच पाहिलं."

"चष्मा. मालकांच्या पुतण्याच्या हातून पडला. त्याने तो हिच्या खणात टाकला. काचेतून सगळं दिसतं."

माझे कान तापले. मी पंचांकडे बघू शकत नव्हतो म्हणून पुठ्ठ्याकडे बघत राहिलो.

"मालकांनी विचारलं नाही तुम्हाला?" मांजरीने विचारलं.

"विचारलं. पुतण्या बाजूलाच उभा होता. मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. म्हटलं, उद्या मालक एकटे असतील तेव्हा सांगू. दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची रिकामी होती. मग सांगायला तोंड राहिलं नाही."

ती रडली नाही. पिशवी खांद्याला लावून उठली.

"मालकांना सांगा नाहीतर राहू द्या. मला त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. पण काका यायच्या आत बाबांना सांगा. मी सांगून थकले."

दुसऱ्या दिवशी पंचांनी आधी मालकांना सांगितलं. "आता कशाला उकरून काढता?" मालक म्हणाले. "तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं ना? तसंच राहू द्या." संध्याकाळी पंच माझ्याकडे आले.

"तू चल. एकट्याने तिच्या घरचा जिना चढवणार नाही."

पुस्तकांत अशी माणसं मला पुष्कळ भेटली होती. उत्तरपत्रिकेत मी त्यांच्याबद्दल पानंच्या पानं भरली होती. त्या जिन्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पंच बसले नाहीत.

"चष्मा हिने फोडला नाही," ते म्हणाले. "कोणी फोडला, ते मी पाहिलं होतं. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती आत निघून गेली.

"भावाला कळवतो, येऊ नकोस म्हणून," ते शेवटी म्हणाले. मग त्यांना आम्ही उभे असल्याचं लक्षात आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, स्वतः पाणी आणलं. "बसा ना. तुम्ही येऊन सांगितलंत, एवढं कोण करतं? तुम्हीच ते पंच ना?"

पंचांनी मान हलवली.

"आमच्याकडे सारखं तुमचं नाव असतं. म्हणते, बाबा, त्यांच्याकडे कोणावर अन्याय होत नाही. समोर राजा असला तरी..."

पंचांनी पेला तोंडाला लावला होता. पाणी तसंच होतं.

"बाबा, पुरे," आतून मांजर म्हणाली.