इरफानभाईंचा फेटा आणि माझा पॅच

“आज न्हाय, मॅडम. आज त्याला हात लावायचा न्हाय.”

एवढं बोलून कोल्ड रूम सांभाळणाऱ्या रुक्मिणताई दार अडवून उभ्या राहिल्या. मी खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात नेटवर्कची केबल, अशी भूमवरून स्कूटीवर ईट गावाला पोचले होते. समोर भिंतीवरच्या कंट्रोलरला झेंडूचा हार घातलेला, हळदकुंकू लावलेलं, पुढं नारळ. खाली खव्याच्या कढया, उलथणी, वजनकाटा, सगळ्यांची पूजा मांडलेली. त्या दिवशी खंडेनवमी होती. अवजारांची, यंत्रांची पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला जुंपायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी याच जिल्ह्यात जन्मले, इथंच वाढले. माहेरी त्या दिवशी आई शिलाई मशीनवर साधं बटण लावू द्यायची नाही. तरी मी विसरले, कारण माझ्या डोक्यात सण नव्हताच. माझ्या डोक्यात इरफान होता.

इरफान शेख आणि मी, आमच्या खवा उत्पादक संघाचा कंप्युटर विभाग म्हणजे आम्ही दोघंच. संघ म्हणजे गावोगावच्या भट्टीवाल्यांची सहकारी संस्था. त्यांचा खवा ईटच्या कोल्ड रूममध्ये जमा होतो आणि तिथून बाहेरगावच्या मिठाईवाल्यांकडं जातो. खवा नाजूक असतो. थंडी जरा कमी पडली की आंबूस वास येतो, आणि मग तो कुत्रंही खात नाही. म्हणून खोलीतली थंडी सांभाळायला भिंतीवर एक छोटा कंप्युटर बसवलाय. तोच हा कंट्रोलर. खोली तापली की कॉम्प्रेसर चालू करायचा, गार झाली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम.

हा कंट्रोलर ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. म्हणजे अशी सिस्टिम, जी कुणा एका कंपनीच्या तिजोरीत नसते. तिचा कोड कुणीही वाचावा, चूक सापडली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. ती दुरुस्ती म्हणजे पॅच. काही पॅच सिक्युरिटीचे असतात, बाहेरच्या कुणी आत शिरू नये म्हणून. काही रिलायबिलिटीचे, म्हणजे मशीननं आपण होऊन मान टाकू नये म्हणून. पॅच निघाला की सूचना येते. ती वाचायची, आपल्याला लागू आहे का बघायचं, आधी ऑफिसातल्या जास्तीच्या मशीनवर लावून बघायचा आणि मग खऱ्या मशीनवर. हे काम माझं. नीट झालं तर काहीच होत नाही. आणि काहीच झालं नाही, तर तुम्ही काही केलंय हे कुणाला कळणार?

इरफानचं काम उलटं होतं. मशीन बंद पडलं की जायचं.

आणि ते बंद पडायचं. लाईट गेली, आली, लगेच परत गेली, परत आली, असं झालं की कंट्रोलर चालू होता होता मध्येच अडकून बसायचा. कॉम्प्रेसर बंदच राहायचा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, नवीन मागितली की चेअरमन साहेब म्हणायचे बघू. मशीनला आयटीवाल्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही हाही त्यांचाच हुकूम. मग रुक्मिणताईंचा फोन इरफानला जायचा. तो बुलेटला किक मारायचा, ईटला जायचा, कंट्रोलरचं बटण दाबून धरायचा, सोडायचा. झालं. कॉम्प्रेसर घुमायला लागायचा. मग संघाच्या ग्रुपवर फोटो. कंट्रोलरशेजारी इरफान, हातात पेढा. खाली पन्नास अंगठे आणि ‘इरफानभाई होते म्हणून खवा वाचला’.

मला विचाराल तर माझ्या पोटात दुखायचं. साधं नाही, मुरडा येऊन दुखायचं. बटण दाबायला काय अक्कल लागते? सगळी सूचना इंग्रजीतून वाचून, समजून, रविवारी ऑफिसला येऊन मी पॅच लावणार, आणि पेढा इरफानला! गेल्या वार्षिक सभेत चेअरमननी त्याला फेटा बांधला. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, चांगला माणूस आहे गं, परवा आपली स्कूटीपण त्यानंच ढकलून दिली. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलंच नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर सांगायला बसले नसते. पण गणपती झाल्यावर चेअरमननी दोघांना बोलावलं. म्हणाले, कंप्युटरला दोन माणसं लई होतात. दिवाळीनंतर एकच राहील. दुसऱ्यानं जळकोटला जायचं, हायवेवर संघाचं विक्रीचं काउंटर उघडतंय. जळकोट म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. माझी मुलगी दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आणि सगळं सोडून गेले तरी तिथं मी करणार काय? गाडीवाल्यांना पेढ्याचे बॉक्स बांधून देणार. कोण राहणार हे चेअरमननी सांगितलं नाही, पण बोलताना ते इरफानकडं बघत होते.

त्याच आठवड्यात दोन पॅचची सूचना आली. एक सिक्युरिटीचा. दुसरा वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले. त्यात लिहिलं होतं, वीज थोड्या थोड्या वेळानं जाऊन आली की डिस्क तपासताना सिस्टिम अडकू शकते. म्हणजे हुबेहूब आमचं ईटचं दुखणं. कुठल्या परदेशातल्या कुणा माणसानं ते शोधून, दुरुस्ती लिहून, फुकट देऊन टाकली होती. खाली त्याचं नाव होतं. मला त्याचाही हेवा वाटला. त्याचं नाव तरी छापलेलं होतं.

पॅच लावला तर मशीन पडणार नाही. मशीन पडलं नाही तर इरफानला कोण बोलावणार? मला खवा वाचवायचा होता का इरफानचा फेटा उतरवायचा होता, असं कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही म्हणाले असते, आणि फेट्याचं नाव आधी घेतलं असतं.

ऑफिसातल्या मशीनवर पॅच लावला. प्लग काढायचा, घालायचा, काढायचा, घालायचा, असं शिपायाला वेड लागेपर्यंत करून बघितलं. एकदाही अडकलं नाही. पण चेअरमन परवानगी देईनात. चालू गाडीला हात कशाला लावायचा, हे त्यांचं पालुपद. रोज मागं लागून लागून शेवटी अष्टमीला हो म्हणाले. म्हणून नवमीला सकाळी मी ईटला. आणि दारात रुक्मिणताई.

मी त्यांना समजावलं. दसऱ्याच्या ऑर्डरचा खवा आत गच्च भरलाय, वारं सुटलंय, लाईट कधीही खेळ करील. त्या म्हणाल्या, “ते समदं खरं, पर पूजलेल्या अवजाराला आज कामाला लावत न्हाईत. उद्या आपटा वाटून झाला की या, चहा पिऊन करा काय करायचं ते.” मी आवाज चढवला, तशा त्यांनी पदर खोचला. आता संपलं म्हणून मी केबल गुंडाळायला लागले.

तेवढ्यात बुलेटचा आवाज. इरफान नवा कुर्ता घालून पूजेच्या प्रसादाला आला होता. त्याला दरवर्षी बोलावणं असतं. मला कधी आलं नव्हतं. त्यानं माझी केबल बघितली, रुक्मिणताईंचा पदर बघितला, आणि काय झालं ते विचारून घेतलं. नारळाला हात लावून नमस्कार केला आणि ताईंपुढं जाऊन उभा राहिला.

“ताई, हे मशीन आत्ता काय करतंय?”

“काय करतंय म्हंजे? खोली गार करतंय.”

“म्हंजे पूजा घेऊनपण बिचारं कामच करतंय की. कढईला सुट्टी, काट्याला सुट्टी, याला न्हाय. मॅडमला त्याच्याकडून काम न्हाय करून घ्यायचं. त्यांना ते घडीभर बंद ठेवायचंय. आज त्याला इसावा द्यायचा दिवस हाय का न्हाय?”

रुक्मिणताईंनी कंट्रोलरकडं बघितलं. पॅच लावल्यावर मशीन बंद करून परत चालू करावं लागतं, हे त्यांना मघाशी मीच सांगितलं होतं. मी ते अडचण म्हणून सांगितलं, यानं त्याचा विसावा केला. ताई बाजूला झाल्या. “आसं नीट सांगायचं की मॅडम,” म्हणाल्या. मला तर नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा पॅच, माझी मेहनत, आणि दार उघडलं त्याच्या जिभेनं.

आधी जुनी सिस्टिम जशीच्या तशी लॅपटॉपवर उतरवून ठेवली, म्हणजे पॅच अंगावर आला तर मागं फिरता येतं. मग दोन्ही पॅच लावले. हार बाजूला न काढता, झेंडूच्या आडूनच केबल घातली. मशीन बंद केलं. कॉम्प्रेसर गप्प झाला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. रुक्मिणताईंनी हात जोडले. मीही मनातल्या मनात जोडले, कारण हे आता उठलं नाही तर माझं जळकोट पक्कं. स्क्रीनवर एकेक ओळ येऊ लागली. शेवटची ओळ आली, कॉम्प्रेसर खडखडला आणि सुरू झाला.

दुपारी वारं वाढलं. लाईट गेली. आली. परत गेली, परत आली. मी जेवणाचं ताट बाजूला सारून कंट्रोलरपुढं उभी राहिले. तो बंद झाला, आणि आपला आपण चालू झाला. दरवेळी. रुक्मिणताईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही झालं. “मग ताट टाकून पळालात कशाला?” म्हणाल्या, आणि इरफानच्या पानात अजून एक पुरणपोळी वाढली.

दसरा गेला, दिवाळी गेली. मशीन एकदाही पडलं नाही. इरफानला फोन नाही, ग्रुपवर फोटो नाही. मला खरंच गार वाटत होतं. दिवाळीनंतर सभा लागली. भट्टीवाले, संचालक, सगळे भूमला जमले. मी नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले. वाटलं, आता तरी कुणी विचारील, या दिवाळीला खवा का नासला नाही?

चेअरमन उठले. म्हणाले, यंदा मशीन बंद पडलं नाही, म्हणजे कंप्युटरचं काम कमी झालंय. एक माणूस बास. इरफानभाई इथं राहतील, कारण उद्या पडलंच तर उठवायला माणूस पाहिजे. मॅडम जळकोटला जातील.

माझ्या कानात गरम शिसं ओतल्यागत झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी ते हेच. उठून बोलावं म्हणून मी पदर सावरला. तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इरफान उभा होता.

“साहेब, मी मशीन उठवत व्हतो. पडायचं त्याचं थांबवलं मॅडमनी. खंडेनवमीला मी तिथंच व्हतो, डोळ्यांनी बघितलंय. त्या गेल्या आन मशीन परत पडायला लागलं, तर मी नुसतं बटण दाबीन. मला जळकोटला धाडा. मी बोलतो बरा, माल खपंल.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवायला लागला. काय मनाचा मोठेपणा, म्हणत एक म्हातारे भट्टीवाले डोळे पुसायला लागले. चेअरमननी पाहुण्यांसाठी आणलेला फेटा उचलला आणि तिथल्या तिथं इरफानच्या डोक्याला बांधला. माझी बदली रद्द झाली, ते कुणीतरी खालच्या आवाजात सांगितलं. टाळ्या अजून चालूच होत्या.

मी टाळ्या वाजवत मनात हिशेब करत होते. इरफानचं मूळ गाव अणदूर. अणदूरहून जळकोट हाकेच्या अंतरावर. तिथं त्याची आई, घर, शेत. म्हणजे याला घरचं जेवण मिळणार आणि वर फेटा! हा हिशेब सापडल्यावर मला बरं वाटलं. चार-आठ दिवस मी त्याच्यावरच काढले. मग कळलं, त्याची बायको भूमलाच शाळेत शिकवते आणि तिची बदली होत नाही. मुलंही इथंच. तो एकटाच अणदूरला आईजवळ राहतो आणि सुट्टीला बुलेटवर येतो. भेटला तेव्हा मी विचारलं, असं का केलं? तो म्हणाला, “मला बसून वाचणं जमत न्हाय, मॅडम. तुमचं काम मला कधी जमलंच नसतं.” एवढंच बोलून माझ्या मुलीच्या दहावीची चौकशी केली.

जळकोटचं काउंटर जोरात चाललंय. ग्रुपवर रोज फोटो येतो. मी इथं सूचना वाचते, पॅच लावते, काहीच होत नाही.

या धंद्यात इतकी वर्षं काढून सांगते, पॅच वेळेवर लावा आणि कौतुकाची वाट बघू नका. आणि हेवा करायचाच असेल तर माणूस पारखून घ्या. वाईट माणसाचा केला तर चारचौघांत शिव्या तरी घालता येतात. चांगल्या माणसाचा केला की घरी बसून एकटीनंच जळायचं.