बिल्डरच्या वडिलांचा खेकडा

आमच्या विभागप्रमुखांच्या कपाटात गमबुटांची एक जोडी होती. काळी, चकचकीत, तळव्याच्या खाचांत धुळीचा कणही नसलेली. फोटो काढायचा असला की सर ती घालत. एरवी ते केबिनमध्ये एसी लावून बसत आणि जैवविविधतेबद्दल काळजी करत.

मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प सहायक होते. दक्षिण मुंबईतल्या म्युझियमच्या मागच्या बाजूला, तिकीट काढून येणाऱ्यांना न दिसणाऱ्या भागात आमचा संग्रह होता. लाकडी फडताळं, त्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेले मासे, साप, खेकडे, आणि प्रत्येक बरणीत न पुसणाऱ्या शाईतली चिठ्ठी: हा प्राणी कुठे मिळाला, कुणी पकडला. काही नवं सापडलं की आधी या जुन्या बरण्यांशी ताडून पाहायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. सरांनी बरणी उघडल्याचं मी कधी पाहिलं नाही. पाहुणे आले की ते लांबून बोट दाखवत, तेही बहुतेक वेळा भलत्याच बरणीकडे.

मला नोकरी लागली तेव्हा आमच्या करी रोडच्या चाळीत आईने सगळ्यांना आपल्या मालवणीत सांगितलं होतं, "चेडू म्युझियमात सायंटिस्ट झाला." पहिल्याच आठवड्यात मी मांडीपर्यंत चिखल घेऊन घरी आले. तिने दारातच अडवलं. "कुर्ल्यो धरूक इतक्या शिकलंस?" मी म्हटलं, होय, खेकडे धरायलाच. तिने बादलीभर पाणी दिलं आणि पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

तो चिखल शिवडीचा. गोदामांच्या मागे ओहोटीला समुद्र लांब जातो आणि राखाडी, मऊ, पाय गिळणारी जमीन उघडी पडते. मी आणि गिरगावातून येणारी माझी सहकारी, आम्ही दोघी तिथे खेकडे गोळा करायचो. तिची पीएचडी सरांकडे चालली होती, म्हणजे सरांच्या सहीवर अडकली होती. एका सकाळी तिवरांच्या मुळांशी तिला एक खेकडा दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, आणि नांग्या जांभळ्या. "ए, हा बघ ना!" ती ओरडली. आम्ही कोपरापर्यंत हात घालून बिळं खणली आणि डबा भरला.

सरांना फोन केला. ते गाडीने आले, धक्क्यावर उतरले, गमबूट चढवले. डबा हातात घेऊन उभे राहिले. मग बुटांकडे पाहून मला म्हणाले, "बेटा, थोडा चिखल लाव ना यांना. नॅचरल वाटलं पाहिजे."

मी वाकून त्यांच्या बुटांना चिखल लावला. तो फोटो पुढे पेपरात आला. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण शाळेत शिकले होते, पण तो नागोबा बुटाला मेकअप करून घेतो हे तेव्हा कळलं.

खेकडा नवा आहे हे सरांनी गाडीत बसायच्या आतच ठरवलं होतं. नाव काय ठेवायचं हेही त्यांच्या डोक्यात तयार होतं. आमच्या चाळीसमोर ज्याने टॉवर उभा केला होता, ज्याच्यामुळे आमच्या गॅलरीत दुपारनंतर ऊन येत नाही, तो बिल्डर म्युझियमला नवं दालन बांधून देणार होता. त्याच्या दिवंगत वडिलांचं नाव, मागे लॅटिन शेपूट लावून, खेकड्याला द्यायचं. शास्त्रात अशी नावं देतात, त्यात गैर काही नाही. आयुष्यभर खेकड्यांवर काम केलेल्या माणसाचं नाव खेकड्याला दिलं तर मला आनंदच होतो.

बिल्डर खेकडा पाहायला आला. बशीत वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "एवढासाच? मोठा नाही का काही?"

"साहेब, साइज बघू नका," सर म्हणाले. "अख्ख्या जगात फक्त इथे सापडतो. तुमच्या टॉवरवरून तर त्याचं घर दिसतं."

जगात फक्त इथे! जग सोडा, सरांनी आमचं फडताळसुद्धा पाहिलं नव्हतं. ते मी पाहिलं. खेकड्याची जात नांगीच्या रंगावरून ठरत नाही. रंग स्पिरिटमध्ये उडूनच जातो. नराच्या पोटाच्या झडपेखाली काडीसारखा एक अवयव असतो, त्याच्या टोकाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमच्या खेकड्याचं टोक वाकलेलं होतं, चमच्यासारखं. खालच्या खणातल्या एका जुन्या बरणीत पांढरेफटक पडलेले काही खेकडे होते. चिठ्ठीवर शिवडीचंच नाव, इंग्रजांच्या काळातल्या स्पेलिंगमध्ये. मी एक नर काढला, झडप उचलली. तोच चमचा. या जातीला कुणीतरी कधीच नाव देऊन ठेवलं होतं.

मी दोन्ही खेकडे आणि ती जुनी बरणी घेऊन केबिनमध्ये गेले.

"सर, हा नवा नाहीये."

त्यांनी खेकड्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "डीएनए वेगळा आलाय ना?"

"जुन्याचा डीएनए कुणी काढलेलाच नाही, सर. त्यामुळे आपला कुणाशीच जुळत नाही. जुळायला समोर काही नाहीच."

"मग? जुळत नाही म्हणजे नवा."

"तुम्ही एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघा तरी."

"बेटा," ते म्हणाले. काम काढायचं असलं की हा शब्द यायचा. "बेटा, जुन्या स्पेसिमेनची झीज होते. तू अजून लहान आहेस. ती बरणी इथे ठेव, तिचं स्पिरिट बदलायला हवं." आणि बरणी त्यांच्या कपाटात गेली, गमबुटांशेजारी.

मी खोटेपणा पाहिला नव्हता असं नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला नळावर रोज दिसतो. पण नळावरच्या बाईला निदान पाणी हवं असतं. या माणसाला काय हवं होतं? एक दालन, त्याच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेतली खुर्ची आणि निवृत्तीनंतर सल्लागाराची केबिन. इतक्या स्वस्तात शास्त्र विकणाऱ्याबद्दल मला राग आला नाही. राग यायला समोरचा थोडा तरी मोठा लागतो. मला किळस आली, बुरशी धरलेली बरणी उघडल्यावर येते तशी.

मी सरांना नव्या जातीच्या शोधनिबंधावरून माझं नाव काढायला सांगितलं. सहकारिणीलाही विचारलं, तू काढतेस का. ती जिन्यात उभी राहून रडली. "तुझं बरं आहे गं. मला त्यांची सही लागणार आहे." तिचं नाव राहिलं. तिला तुच्छ समजायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण जमलं नाही.

नामकरणाचा समारंभ टॉवरच्या क्लबहाउसमध्ये झाला. सरांनी सगळ्यांना हजर राहायला लावलं होतं. खेकड्याचा भिंतभर फोटो, त्याला झेंडूचा हार. भाषणात सर म्हणाले की चिखलात पाय रोवल्याशिवाय सत्य हाती लागत नाही. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बिल्डरची आई होती, थकलेली, पांढऱ्या साडीतली. तिने हळूच मला विचारलं, "हा खेकडा तुम्ही धरलात का?"

"हो, आम्ही दोघींनी."

"ह्यांना वाससुद्धा सहन व्हायचा नाही खेकड्याचा," ती म्हणाली. "घरात कधी आणू दिला नाही." आणि हाराकडे बघत राहिली. त्या अख्ख्या सभागृहात त्या दिवशी खरं बोललेलं माणूस तेवढं एकच.

माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. शेवटच्या दिवशी विभागातले सगळे चहाला जमले होते. मी सर्वांदेखत म्हटलं, "सर, माझ्या नावावर काढलेल्या बरण्या परत लावायच्या आहेत. एक तुमच्या कपाटात आहे." इतक्या लोकांसमोर ते नाही म्हणू शकले नाहीत. किल्ली काढून दिली. स्पिरिट अर्थातच कुणी बदललं नव्हतं. मी बदललं, आणि बरणी तिच्या खणात, तिच्या जागी ठेवून घरी गेले.

पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातला खेकड्यांचा अभ्यासक संग्रह पाहायला आला. त्याने फडताळं उघडली, जे या कामात करायचं असतं तेवढंच केलं. काही महिन्यांनी त्याचा निबंध आला: शिवडीचा जांभळ्या नांग्यांचा खेकडा नवा नाही, नव्या नावाला आधार नाही. मला वाटलं, आता तरी सरांना तोंड दाखवायला लाज वाटेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लाज काय बाजारात मिळता?"

आईचंच खरं ठरलं. नव्या दालनाचं उद्घाटन झालं, सर सल्लागार झाले. मी आता शीवच्या एका कॉलेजात शिकवते. तिथल्या चर्चासत्रात गेल्या हिवाळ्यात तेच प्रमुख पाहुणे होते. विषय, वर्गीकरणातला प्रामाणिकपणा. त्यांनी तोच खेकडा पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "आम्ही नाव दिलं, पुढच्या पिढीने ते खोडलं. विज्ञान असंच पुढे जातं." विद्यार्थी भारावून लिहून घेत होते.

आभाराच्या वेळी त्यांनी मला ओळखलं. "अरे, बेटा! तू होतीस ना त्या टीममध्ये?"

"नाही सर," मी म्हटलं. "मी नव्हते."

ते हसले, दुसऱ्या कुणाशी तरी हात मिळवायला वळले. मी विद्यार्थ्यांना शिवडीला न्यायला गोळा केलं. ओहोटीला अजून वेळ होता, आणि कुणीही बूट आणले नव्हते. चप्पल चालेल, मी सांगितलं, चिखलात ती काढूनच ठेवायची असते.