मुबीनचा अडलेला स्लायडर

मुबीनला मी तीस वर्षं ओळखतो, पण पहिली आठ-दहा वर्षं त्याचा चेहरा मला नीट ठाऊक नव्हता. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मी राजे, डाकू आणि दारुडे बाप उभे केले. तो समोर, प्रेक्षकांच्याही मागे, डिमरच्या दांड्या धरून बसलेला असे. माझं रडणं ओसरत जाई तसा तो उजेड इतका अलगद उतरवी, की लोकांना वाटे, ही सगळी या नटाची करामत! टाळ्या मी घेतल्या. त्यातल्या थोड्या आज त्याच्या पदरात घालतो.

पुढे मंडळांनी बटणावर चालणारी तयार लाइट आणली आणि मुबीनचं काम सुटलं. कुरकुर न करता त्याने धानोऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पन्नाशीला टेकता टेकता मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायलाही शिकला.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या आशाबाई त्याच्याकडे आल्या. आमच्या तलावाचं पाणी आधी पाळीलगतच्या, म्हणजे तलावाच्या बांधाजवळच्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना मिळतं. शेवटी असलेल्या आशाबाईंच्या बांध्यांत, धान निसवायला, लोंब्या धरायला येतं तेव्हा, चिखलसुद्धा उरत नाही. बाईंनी दोन हंगाम तलावात खुणांचा बांबू रोवून रोजची पातळी वहीत लिहिली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : शेवटच्या बांध्यांना थोडे दिवस आधी पाणी दिलं, तरी वरच्यांना पुरतं. पण आकड्यांची वही सभेत कोण वाचणार? रविवारी पाणी समिती बसायची होती, आणि धान थांबणार नव्हतं.

मुबीनने त्या वहीवरून तलावाच्या पाण्याचा आलेख केला. खाली एक स्लायडर : शेवटच्या बांध्यांना आधी किती दिवस पाणी? तो ओढला की आलेखाची रेघ वर-खाली व्हायची. निदान व्हायला हवी होती.

शनिवारी दुपारी मी चार्जर घ्यायला दुकानात गेलो. आशाबाई बाकावर बसलेल्या, मुबीन लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून.

"काऊन रे, तोंड काऊन उतरलं?" मी विचारलं.

"भाऊ, हे पाहा. आलेख एकटा चालवला तं स्लायडर मस्त सरकते. माह्या प्रोग्रामच्या विंडोत बसवला का दिसते, पन हालत नाई."

"मंग नोको बसवू विंडोत."

"बाईले मराठी बटनं पाह्यजेत, बांध्यांची नावं पाह्यजेत. गावात नेट बी नाई. लॅपटॉपवरच चाललं पाह्यजे."

"उद्या हे हाललं नाई, तं समितीतला भैयाजी म्हनन, आशाबाईनं फोटो दाखवाले आनला," बाई म्हणाल्या. "अन् माहं धान वाळन."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण संवाद अडला की आम्ही नट काय करतो ते मला ठाऊक आहे. "पयल्यापासून मोठ्यानं वाच," मी म्हटलं. "मले समजनार नाई, पन तुले तं आयकू येईन."

तो एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागला. "पयले आलेख केला. मंग त्याच्या खाली स्लायडर बांधला. मंग विंडो उघडली, अन् आलेख उचलून तिच्यात बसवला."

मला हसूच आलं. "अबे, स्टेज उभा व्हायच्या पयले तुहे डिमर बांधून तयार! अजून बी तसाच?"

ही त्याची जुनी सवय. धान कापलेल्या शेतात स्टेजचे बांबू रोवले जात असतानाच हा पेटीवर डिमर जोडून मोकळा होई. वायर लांब असत, स्टेज कुठेही उभा राहो, त्या पोचत.

मुबीन मात्र हसला नाही. त्याने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"भाऊ... इथी वायर लांब नाई ना," तो सावकाश म्हणाला. "स्लायडर बांधतानी जो कॅनव्हास, म्हंजे आलेख काढाचा कागद असते, त्याचंच तो आयकते. म्या आलेख विंडोत नेला, तिथी कॅनव्हास नवा. माऊस नव्यावर चालून राह्यला, अन् हा बापडा जुन्याकडं कान लावून बसला!"

त्याने स्लायडरच्या ओळी उचलून कॅनव्हास विंडोत बसवण्याच्या ओळीखाली टाकल्या. ओढलं. रेघ हलली! थोडी अडखळत होती. दर वेळी अख्खा आलेख पुसून नव्याने काढण्याऐवजी त्याने फक्त रेघेचे आकडे बदलायला लावले, तशी ती पाण्यासारखी सरकू लागली.

"एकदा मले ओढू द्या," आशाबाई म्हणाल्या. मग संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणाला माऊसला हात लावू दिला नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीत समिती बसली. अध्यक्ष भैयाजी, त्यांच्या बांध्या पाळीला लागूनच.

"हे लाल रेघ कायची?" त्यांनी विचारलं.

"निळी रेघ पान्याची. ते लालच्या खाली गेली, तं तुमच्या बांध्या सुकतात," मुबीन म्हणाला.

भैयाजींनी स्लायडर थेट पंधरा दिवसांवर ओढला. निळी रेघ लालच्या खाली कोसळली. "पाहा! बाई आमाले मारूनच राह्यली!"

"पंधरा कोनी मांगले? मांगं घ्या ना, भाऊ," आशाबाई म्हणाल्या.

बारा. नऊ. सात. सहावर निळी रेघ लालच्या वर तरंगली. भैयाजींनी पुन्हा सातवर नेऊन पाहिलं, पुन्हा सहावर आणलं. यंत्र कोणी पढवून ठेवलं नाही ना, याची खात्री करत होते. मग माऊस सोडला.

"सहा दिवस. सातवा नाई."

"सातवा तुमीच ओढला," आशाबाई म्हणाल्या, आणि ओसरी हसली. भैयाजीही.

सोमवारी शेवटच्या बांध्यांसाठी तलावाचं गेट उघडलं. बुधवारी मी आणि मुबीन बघायला गेलो, तेव्हा आशाबाई घोट्याभर पाण्यात उभ्या होत्या. आम्हाला बघून हात केला, आणि लगेच फावड्याने बांधाचं तोंड फोडून पाणी आपल्या पुढच्या बांधीत सोडलं.