सगळ्यात शेवटची सुडी

वाशिमच्या मंगल कार्यालयात मी पोचलो तेव्हा ‘देण्यातून यशाकडे’ या विषयावरचं व्याख्यान संपत आलं होतं आणि वक्त्यांना शाल-हार देणं सुरू झालं होतं. धंद्यात आणि आयुष्यात पुढं जायचं असेल तर हात मोकळा ठेवावा, असं वक्ते म्हणाले. तोवर त्यांचे दोन्ही हात हारांनी भरले होते.

निघताना आयोजकांनी मला गाठलं. “आसेगावले चालले ना? मंगरूळपीरले एसटी बदलाच लागते. एवढा फ्लेक्स तिथं देऊन द्या. पुढच्या हप्त्यात तिथं प्रोग्राम आहे.” आणि वक्त्यांच्या चेहऱ्याची पुरुषभर उंच गुंडाळी त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवली. औदार्याचा पहिला धडा मला असा फुकट मिळाला.

मंगरूळपीरला ज्या दुकानात ती द्यायची होती, ते बंद आणि दुकानदाराचा फोनही बंद. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहा घेतला आणि गुंडाळीसकट आसेगावची एसटी पकडली. कंडक्टरने आधी मला, मग तिला न्याहाळलं. “पाव्हण्याचं हाफ तिकीट फाडू का?”

खिडकीबाहेर काळी जमीन होती. सोयाबीन कापून झालं होतं आणि मधल्या ओळींतली तूर तेवढी हिरवी उभी होती. वावरावावरात सुड्या (कापलेल्या पिकाचे ढीग) रचलेल्या. पश्चिमेकडे आभाळ भरून येत होतं.

आसेगावला माझा वसतिगृहातला मित्र नामदेव राहतो. त्याचं स्वतःचं मळणीचं थ्रेशर आहे आणि हंगामात तो गावातल्यांचं सोयाबीन काढून देतो. मी पोचलो तेव्हा तो घरी नव्हता. कुसुमवहिनींनी भाकरी आणि चून (घट्ट पिठलं) वाढलं, सोबत झणझणीत ठेचा आणि नवऱ्याची तक्रार.

“मशीन आपली अन् आपलीच सुडी वावरात पडून,” त्या म्हणाल्या. “सासऱ्यायनं घालून देलं, मशीनवाल्याची सुडी सगळ्यात शेवटी. आता अभाय आलं तं काय करा? ताडपत्री बी बाजूच्या वावरातल्या शांताबाईले देऊन आले.”

“सगळं सोयाबीन तिथंच आहे?”

“सगळंच. वर्षाचं.”

मी वावराकडे निघालो. फ्लेक्स का बरोबर घेतला ते सांगता येत नाही. दिवसभर खांद्यावर होता, तसाच उचलला. नामदेव शांताबाईंच्या शेवटच्या पेंढ्या मशीनमध्ये सारत होता.

“एक वर्ष स्वतःचं आधी काढलं असतंस तर?” मी विचारलं.

“मंग सगळ्यायले वाटलं असतं, हा आपलंच पाह्यते.” त्याने भुसा झटकला. “तिकडं एकाची नवी कोरी मशीन उभी आहे. त्याची सुडी पहिल्याच दिवशी निघाली. आता त्याले कोणी बोलावून नाई राह्यलं. माह्या जुन्या डब्ब्याले फुरसत नाई. काही पुण्य-बिण्य नाई बाप्पा, धंदा आहे.”

“आणि पाऊस आला तर?”

एकदा आभाळाकडे बघून त्याने मशीन जोडलेला ट्रॅक्टर स्वतःच्या वावराकडे वळवला.

आम्ही दोघांनी सुडी उचलायला सुरुवात केली. या वेगाने ती मध्यरात्रीही संपली नसती. थोड्या वेळाने बांधावरून शांताबाई आल्या, मागे आणखी सहा-सात जणं. त्यांची पोती एव्हाना घरात पडली होती.

“मले काहून नाई बोलावलं?” शांताबाईंनी नामदेवला फटकारलं. “का मी मेली?”

“ताडपत्री आणली का?”

“पोत्यायखाली दबली हाय ते. हात आणले ना.”

मग कोणी पेंढ्या दिल्या, कोणी पोती धरली. माझ्या हाताला फोड आला, तेव्हा शांताबाई म्हणाल्या, “लेखणीवाल्या भाऊले बसू द्या रे.” पोती पुढं सरकत होती, आभाळही. दिवस मावळता मावळता टपोरे थेंब आले. भरलेली पोती उघड्यावर होती आणि झाकायला काहीच नव्हतं. नामदेवची नजर माझ्या गुंडाळीवर गेली. मी दोरी सोडली.

वक्ते पोत्यांवर आडवे झाले. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. पाऊस त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावर तासभर पडत राहिला. पोती कोरडी राहिली. सुडीचा खालचा थर मात्र भिजला. तो काळा पडणार आणि कमी भावात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी मी मंगरूळपीरची एसटी धरली. देणाऱ्याला सगळं परत मिळतं, असं मी लिहिणार नाही, भिजलेला थर मी पाहिला आहे. पण नव्या कोऱ्या मशीनच्या मालकाच्या वावरात त्या संध्याकाळी कोण धावून गेलं असतं, हा प्रश्न एसटीत माझ्या शेजारी बसून होता. फ्लेक्सच्या जागेवर.

आयोजकांचा फोन आला. “फ्लेक्स पोचला का?”

“पोचला,” मी म्हणालो. “पोती घरात गेली की नामदेव घडी करून पाठवेल.”

“पोती? कायची पोती?”

मी त्यांना सुरुवातीपासून सांगायला लागलो.