साडूभाऊंचं सैल डोकं

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडूभाऊ, हे अख्ख्या दहिसरातले एकमेव गृहस्थ असतील ज्यांना स्वतःच्या घरी जायचा नेहमीचा रस्ता नाही. सवय लागली की डोकं आखडतं आणि आखडलेल्या डोक्याला आतलं काही ऐकू येत नाही, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून ते रोज वेगळ्या गल्लीतून घर गाठतात, पेपर शेवटच्या पानापासून वाचतात आणि आधी श्रीखंड संपवून मग वरणभाताकडे वळतात. सासुरवाडीच्या एका लग्नात ते मुद्दाम वरपक्षात जाऊन बसले आणि मानाची टॉवेल-टोपी घेऊन परतले. "यांचं डोकं सैल नाही, सुटलंय," असं म्हणून मेहुणीने केव्हाच हात टेकले आहेत. बरं, एवढ्या व्यायामाने अंतःप्रेरणा कितीशी तयार झाली? तर बाजारात डोळे मिटून आंब्याच्या पेटीवर हात ठेवणार, "हीच!" म्हणणार आणि ती पेटी हटकून आंबट निघणार. त्यावरही यांचं म्हणणं, "मला आतून साखरांबाच हवा होता, हे आता कळलं."

गेल्या वर्षी आमच्या चाळीच्या जागी दोन जुळे टॉवर उभे राहिले आणि आम्ही ए विंगच्या सातव्या मजल्यावर राहायला आलो. बाबांना तेव्हा नुकताच विसर पडू लागला होता. एका सकाळी ते दूध आणायला गेले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. फोन घरीच राहिलेला. मी चेकनाका पालथा घातला, जुने शेजारी गाठले, पोलिसांत जाऊन आलो. नदीच्या पुलावरून खाली बघायची तर छातीच होईना. घरी आलो तो साडूभाऊ सोफ्यावर पाय पसरून, डोळे मिटून बसलेले! माझं डोकंच फिरलं.

"साडूभाऊ, उठा ना! बाबा कुठे गेले असतील, काहीतरी बोला!"

"कुठे गेले, कुठे गेले, सगळे हेच घोकताय," ते डोळे न उघडता म्हणाले. "मला वाटतं, ते परत आलेत. परत आलेला माणूस घरात का नाही, एवढंच बघायचंय यार." आणि एकदम उठून मला ओढत बी विंगच्या सातव्या मजल्यावर घेऊन गेले.

आमच्यासारख्याच दाराआड, आमच्यासारख्याच हॉलमध्ये बाबा ऐसपैस बसले होते. समोर नव्याने राहायला आलेल्या एक आजीबाई. मुलगा-सून कामाला गेलेले. आजींना वाटलं, हे मुलाचे कोणी पाहुणे. बाबांना वाटलं, ह्या आपल्या सुनेकडच्या. सकाळपासून दोघंही एकमेकांना "संकोच करू नका, आपलंच घर समजा" असा आग्रह करत होते आणि बाबांनी आणलेल्या दुधाचा चहा दोनदा झाला होता. मला इतकं हसू आलं, की हसता हसता मी मटकन खालीच बसलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

परत आलो तर आमच्या दाराशी बाबा थबकले. "हे आपलंच ना रे?" त्यांनी हळूच विचारलं. मी "हो" म्हणणार, तोच साडूभाऊंनी माझा दंड धरला. "काका, घाई नाही. तुम्हीच सांगा."

बाबा कान देऊन उभे राहिले. आत माझी बायको कोणावर तरी फोनवर ओरडत होती. बाबांचा चेहरा उजळला. "आपलंच," ते म्हणाले आणि स्वतः बेल वाजवली. असं अजून किती दिवस ते ओळखतील, मला माहीत नाही. तिथे जिन्यात साडूभाऊंच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडलो.